आमच्या ओसरीवरची आगगाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणी एकीने आपल्या आवडीच्या विषयावर चार शब्द बोलावेत असा आपला शिरस्ता आहे. यंदा पाळी माझी आली. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, "डबे." त्यांना वाटले, मी पोळीभाजीच्या डब्यांविषयी बोलणार. मी म्हणाले, "तसे नव्हे हो, आगगाडीचे डबे. मी घरी करते ते." त्यावर त्या माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागल्या, त्याच नजरेने आत्ता आपल्यापैकी काही जणी माझ्याकडे पाहत आहेत. त्यात आपला काही दोष नाही. पासष्टी उलटलेली बाई ओसरीवर बसून वीतभर लांबीचा डबा कापते, सांधते आणि रंगवते, हे ऐकून कोणालाही हसू यावे. मला स्वतःलाही पहिल्या वर्षी ते येत असे. पण हे काम खेळण्यापुरते राहिले नाही, म्हणूनच ते आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करते आहे.

प्रथम हा छंद म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. खऱ्या आगगाडीची अगदी मापात लहान केलेली प्रतिकृती करायची आणि ती लहान रुळांवर विजेने चालवायची, एवढाच याचा अर्थ. युरोपात हा छंद जुना आहे. जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लहान रुळांची ठरावीक मापे बाजारात आणली, आणि इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० पासून निघू लागल्या. पण तयार गाडी विकत आणणे हा या छंदाचा अर्धाच भाग. दुसरा भाग संचांचा. खोक्यात डब्याच्या भिंती, छत, चाके, बाके असे सुटे भाग येतात आणि ते आपण जुळवायचे. इंग्लंडात १९५९ पासून तीनचार वर्षे 'किटमास्टर' नावाचे प्लास्टिकचे संच निघत होते. ती इंजिने मुळात नुसती मांडून ठेवण्यासाठी होती. लोकांनी त्यांच्या पोटात मोटरी बसवून ती चालती केली. संच एका गाडीचा असावा आणि आपण त्यातून दुसरीच गाडी घडवावी, या हिकमतीलाच खरा छंदिष्ट मान देतो. मला जे सांगायचे आहे ते याच हिकमतीविषयी.

माझा यात शिरकाव झाला तो माझ्या वडिलांमुळे. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबा लातूरच्या लहान गाडीवर गार्ड होते. माझे सारे बालपण त्या गाडीच्या शिट्टीवर गेले. लग्न होऊन मी उदगीरला आले. इथल्या स्टेशनातून विकाराबाद–परळी मार्गाच्या मोठ्या गाड्या जात. त्या पाहून मी सासूबाईंना म्हणाले होते, "ही गाडी फार रुंद आहे, हिला आपले म्हणावेसे वाटत नाही." सासूबाई म्हणाल्या होत्या, "गाडी माहेरची नसली की रुंदच वाटते."

२०१६ साली माझा भाचा आबांना आणि मला पुण्याला घेऊन गेला. तिथे कोथरूडमध्ये जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले आणि १९९८ सालच्या १ एप्रिलला लोकांसाठी खुले झाले. एका दालनात अख्खे शहर मांडलेले आहे. दिवे लागतात, सिग्नल पडतात आणि गाड्या एकमेकींना चुकवीत धावतात. माझ्या डोळ्यांत ज्या भरल्या त्या जर्मन आणि स्विस धाटणीच्या गाड्या होत्या. माणूस एका छंदाला किती जीव लावू शकतो हे पाहायचे असेल, तर मुलाबाळांना घेऊन तिथे अवश्य जा. आबा सगळा खेळ काठीवर हनुवटी टेकून पाहत होते. खेळ संपून दिवे लागल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, "लातूरची गाडी कवा सुटंल गं?"

मैत्रिणींनो, त्या सुमारास आबांचे विसरणे सुरू झाले होते. त्यांना सकाळचे जेवण आठवत नसे, आणि पुढे पुढे नातवंडांची नावेही आठवेनाशी झाली. गाडी मात्र आठवे. त्यांनी तो प्रश्न नकळत विचारला की जाणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र तो लागला. कारण लातूरची ती गाडी कधीच सुटणार नव्हती. ती गाडीही गेली होती आणि तिचे रूळही उखडले गेले होते.

आपल्यातल्या तरुण सुनांसाठी त्या गाडीची हकीगत सांगते. तिचे नाव बार्शी लाईट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराच्या डोक्यातून ती निघाली. १८९५ साली लंडनला कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्टेशनापासून बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली आपल्या लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. एकूण मार्ग २०२ मैलांचा होता. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. कॅलथ्रॉप साहेबांचा हिशेब असा होता, की हलके रूळ टाकायचे, पण इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ द्यायचा नाही. वजन सारखे वाटले की हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो. डोक्यावर एकच जड हंडा घेण्यापेक्षा दोन कळशा दोन हातांत घ्याव्यात, तशातलीच ही गोष्ट.

१९५४ साली ही रेल्वे सरकारकडे आली. आषाढीला तिने किती वारकरी पंढरीला नेले असतील, त्याची गणती विठोबालाच ठाऊक. पुढे लातूर ते कुर्डुवाडी हा मार्ग २००७–०८ मध्ये रुंद झाला आणि नवा रस्ता धाराशिववरून गेला. मार्ग रुंद झाला हे चांगलेच झाले. आपल्या माणसांना मुंबई गाठणे सोपे झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अशी एखादी गोष्ट गेल्यावर, ती नेमकी कशी होती हे सांगणारे किती जण उरतात, हा प्रश्न उरतोच.

पुण्याहून परतताना मी भाच्याला म्हणाले, "मला एक डबा करायचा आहे. लहान गाडीचा." त्याला वाटले आत्या थट्टा करते आहे. पण मुलगा गुणी. त्याने माहिती काढली आणि मला थोडे गणित समजावून सांगितले. ते मी आपल्यालाही सांगते, कारण साऱ्या छंदाची गंमत त्या गणितात आहे.

या छंदातले सर्वांत चालते माप एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या वस्तूच्या ८७ सेंटिमीटरांना इथे एक सेंटिमीटर. हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण एका जुन्या मोठ्या मापाच्या निम्म्याने तो आला आहे. पाच फुटांची बाई या मापात साडेसतरा मिलिमीटरांची होते. युरोपातल्या नेहमीच्या रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर, त्याचे इथे साडेसोळा होतात, आणि बाजारात तयार रूळ मिळतात ते साडेसोळाचे. आपला भारतातला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा, त्याचे व्हायला हवेत सव्वाएकोणीस. म्हणजे आपली मोठी गाडी तयार रुळावर ठेवली, की ती खऱ्या हिशेबाने जवळजवळ वीतभर अरुंद रुळावर उभी राहते. मोठ्या गाडीची प्रतिकृती करणारे आपले बहुतेक लोक नाइलाजाने ही तडजोड सोसतात.

आता आपली लहान गाडी घ्या. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा. पावणेनऊ येतात. आणि नऊ मिलिमीटरांचा रूळ बाजारात तयार मिळतो! तो मुळात आणखी लहान मापाच्या, एकास एकशेसाठच्या, मोठ्या गाड्यांसाठी केलेला. रूळ तोच, पण वर ठेवलेल्या गाडीचे माप बदलले की तो लहान गाडीचा होतो. ऑस्ट्रिया देशात डोंगरातल्या गाड्यांचे रूळ ७६० मिलिमीटरांचे आहेत, आपल्यापेक्षा फक्त दोन मिलिमीटर कमी. त्यामुळे तिकडच्या लहान गाड्यांचे डबे, चाके आणि संच याच मापात निघतात. मला हे कळले तेव्हा फार आनंद झाला. जिला जगाने टाकून दिले, तिच्याच मापाचा रूळ दुकानात तयार पडलेला होता.

भाच्याने ओळखीच्या माणसाकडून ऑस्ट्रियन डब्याचा एक संच मागवून दिला. प्लास्टिकचे भाग एका चौकटीला जोडलेले असतात. ते नखे काढायच्या कटरने तोडायचे, कानसून गुळगुळीत करायचे, आणि गोंद लावण्याआधी सगळे नुसते जुळवून पाहायचे. मैत्रिणींनो, ब्लाऊज शिवताना आपण आधी कच्ची टीप घालतो, तसेच हे. जिने आयुष्यात बाही उलटी जोडून उसवली आहे, तिला हे काम शिकवावे लागत नाही. पोळपाट पालथा घातला की सपाट पाट तयार. मेंदीच्या रिकाम्या कोनात गोंद भरला की तो हवा तेवढाच पडतो. महिन्याभरात माझा डबा उभा राहिला. मी तो तपकिरी रंगवला आणि आबांच्या हातावर ठेवला.

आबांनी तो डोळ्यांजवळ नेला. बोटाने खिडक्या चाचपल्या. मग परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "चांगला हाय. पर ह्यो आपला न्हाई."

मला वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे खरे होते. तो ऑस्ट्रियाचा डबा होता आणि आमच्याकडचा रंग फासल्याने लातूरचा होणार नव्हता. मी त्यांना विचारले, "मग आपला कसा होता?" आणि काय सांगू! ज्यांना सकाळी काय खाल्ले ते सांगता येत नव्हते, त्यांनी दार कुठे, बाक कसा, खिडकीचे गज आडवे, झडप कशी सरकते, हे सगळे अर्धा तास सांगितले. त्या अर्ध्या तासात ते माझे पूर्वीचे आबा होते.

तेव्हा मला समजले की संच हा या कामाचा निम्माच भाग. आपल्या गाडीचे खोके दूरदेशचा कोणी आपल्यासाठी भरून ठेवणार नाही. आपली गाडी हवी असेल तर दुसऱ्याच्या संचातून ती आपणच कापून काढायची, आणि त्यासाठी ती कशी होती हे नेमके ठाऊक पाहिजे. 'साधारण अशी होती' एवढ्यावर कात्री चालत नाही.

माप कुठून आणायचे? आमच्याकडे एक जुना फोटो होता. लातूर स्टेशनावर आई डब्याला टेकून उभी आहे, कडेवर माझा भाऊ. माझी आई चार फूट अकरा इंच, म्हणजे दीडशे सेंटिमीटर. फोटोत ती मोजली तर बरोबर तीस मिलिमीटर भरली. म्हणजे फोटोतला एक मिलिमीटर खऱ्यात पाच सेंटिमीटर. तिच्या शेजारची खिडकी फोटोत तेरा मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात पासष्ट सेंटिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागून साडेसात मिलिमीटर. अशी एकेक खिडकी मी आईच्या उंचीने मोजली. वस्तू माणसाच्या अगदी लगत असेल तरच हा हिशेब खरा ठरतो. लांबची वस्तू फोटोत लहान दिसते आणि फसवते. आई डब्याला टेकून उभी होती म्हणून माझे काम झाले.

पण फोटोत डबा अर्धाच आला होता. लांबी कशी काढणार? आबांना विचारले तर त्यांना फूट, मीटर सांगता येईना. मी म्हणाले, "आबा, तुम्ही स्टेशनात डब्याच्या कडेने चालायचात ना, तसे चालून दाखवा." ते उठले, तुळशीवृंदावनापासून अंगणात चालू लागले आणि एका जागी आपसूक थांबले. मी टेप लावली. एकोणचाळीस फूट भरले. म्हातारपणी पाऊल आखूड पडते म्हणून मी चाळीस धरले. हे माप खात्याच्या कागदावरचे नाही, माझ्या वडिलांच्या पायांचे आहे. कोणाकडे खरा नकाशा निघाला आणि त्यात फूटभर फरक पडला, तर मी आनंदाने नवा डबा करीन.

चाळीस फुटांचे होतात १४० मिलिमीटर. संचातला डबा त्याहून बराच आखूड. म्हणून दुसरा संच मागवला, दोन्ही डबे बारीक करवतीने कापले आणि दोघांचा एक केला. फाटक्या साडीच्या चांगल्या पदराला दुसरीचा चांगला घोळ जोडून आपण एक धडकी साडी करतो, तसाच हा प्रकार. सांधा खिडकीच्या मधोमध आणायचा नाही, दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर आणायचा. मग तिथे लांबी भरून, पॉलिश कागदाने घासून तो नाहीसा करायचा. जुने खिडक्यांचे आकार बुजवून फोटोप्रमाणे नवे कापले. आडव्या गजांसाठी वायरीतली तांब्याची एकेक बारीक तार घेतली. तिची जाडी ८७ पटींनी वाढवली तर खऱ्या गजाएवढीच भरते. दोन चाकांच्या जोड्या काढून टाकून खाली बोग्या बसवल्या, म्हणजे लांब डबा वळणावर अडत नाही.

दोन चुका सांगते, म्हणजे आपल्यापैकी कोणी करणार असेल तर वाचेल. रंग बिघडला म्हणून मी तो नखांचा रंग काढायच्या पाण्याने पुसायला गेले. त्यात ॲसिटोन असते. रंग निघाला, पण त्यासोबत डब्याचा कोपराही मेणासारखा विरघळला. आठ दिवसांचे काम अर्ध्या मिनिटात गेले. दुसरी चूक काचांची. खिडक्यांना पारदर्शक पट्ट्या लावताना मी झटपट चिकटणारा गोंद वापरला. त्या गोंदाची वाफ बंद डब्यात कोंडली आणि सगळ्या काचांवर पांढरी साय धरली. काचांना नेहमी साधा पांढरा गोंद लावावा, आणि त्या सगळ्यात शेवटी, रंग पुरता वाळल्यावर बसवाव्यात. छत कधीही कायमचे चिकटवू नये. आतली बाके दुरुस्त करायला हात जायला हवा.

दुसरा डबा आबांपुढे ठेवला तो २०१९ सालच्या दिवाळीत. त्यांनी पुन्हा खिडक्या चाचपल्या. गजांवरून नख फिरवले. छत काढून बाके पाहिली. मी श्वास धरून उभी. मग त्यांनी डबा उलटा धरून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "लाल दिवा कुठाय?"

गार्डाची नोकरी ज्यांच्या घरी झाली त्यांना हे लगेच कळेल. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या मागे खूण असते, रात्री लाल दिवा. गाडी स्टेशनातून निघून गेली की मागे राहिलेला माणूस तो दिवा पाहतो. दिवा दिसला म्हणजे गाडी पुरी गेली. नाही दिसला तर एखादा डबा मागे कुठेतरी तुटून राहिला असेल आणि त्याच रुळावर पुढची गाडी सोडणे म्हणजे घात. आबांनी सारा जन्म तो दिवा सांभाळला. मी आईच्या जुन्या पोतीतला एक बारीक लाल मणी काढला आणि डब्याच्या पाठीला लावला. आबांनी पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, "आता सोडा गाडी."

पण सोडायला इंजिन कुठे होते! कॅलथ्रॉप साहेबांनी लीड्सच्या किटसन कारखान्याकडून घेतलेली वाफेची इंजिने करणे माझ्या ताकदीबाहेरचे. चार जोड्या चाके, दांडे, झडपा, सगळेच बारीक. म्हणून मी शेवटच्या काळातले डिझेल निवडले. ते पेटीसारखे चौकोनी. त्यासाठी एकास एकशेसाठ मापाचे तयार डिझेल इंजिन घेतले, त्याचा वरचा टोप काढून टाकला आणि खालचा मोटरीचा सांगाडा तेवढा ठेवला. त्याची चाके नऊ मिलिमीटरांवर चालतातच. वरून प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा नवा, मोठ्या मापाचा टोप बांधला. बारा व्होल्टांची वीज दोन रुळांतून चाकांवाटे मोटरीत जाते, आणि तारा उलटसुलट केल्या की गाडी मागे येते. कठड्याचे पितळी गज डाख देऊन जोडावे लागले. ते मला गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी शिकवले. राळ लावायची, आधी धातू तापवायचा आणि मगच शिसे द्यायचे. नुसते शिसे तापवून वर टाकले तर ते थेंबासारखे बसते आणि दुसऱ्या दिवशी निघून येते. शेजारी बीदरला धातूत चांदीची तार बसवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्यापुढे माझे काम म्हणजे पोराचा खेळ. पण धातूला हात लावायला बाईने भ्यावे असे त्यात काही नाही, इतके मी सांगू शकते.

मधे करोनाचे दिवस आले. सुटे भाग येईनात. इंजिन ओसरीवर तसेच अर्धवट राहिले. २०२१ च्या पावसाळ्यात आबा गेले. इंजिन पुढच्या वर्षी, एप्रिलमध्ये पुरे झाले. आपल्या गावात तेव्हा साहित्य संमेलन भरले होते आणि घर पाहुण्यांनी भरले होते. त्या सगळ्यांसमोर गाडी पहिल्यांदा सोडली. एक इंजिन, एकच डबा, आणि ओसरीभर एक फेरा. पहिल्या वळणावर डबा घसरला, कारण तो फार हलका होता. त्यात दोन नाणी ठेवल्यावर तो नीट चालला. गाडी खांबाआड गेली तेव्हा मागचा लाल मणी मला दिसला. पुढचे मी सांगत नाही, आपण समजून घ्याल.

आबांनी गाडी पाहिली नाही, याची रुखरुख आहे. पण डबा त्यांनी पाहिला आणि आपला म्हटला, हे माझ्यापाशी आहे. मुख्य म्हणजे त्या चार वर्षांत मी त्यांच्याशी जेवढे बोलले तेवढे आधीच्या चाळीस वर्षांत बोलले नव्हते. माहेरवाशीण येते, जेवते, ओटी घेऊन निघते. बापाला "तुमचे काम काय होते, तुम्ही दिवसभर काय करत होता?" असे आपण विचारत नाही. मीही विचारले नव्हते. डबा बरोबर यावा म्हणून विचारावे लागले.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी. लातूरजवळ रेल्वेच्या डब्यांचा कारखाना झाला आहे. २०१८ सालच्या मार्चअखेर त्याची पायाभरणी झाली आणि २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा तिथून बाहेर पडला. ज्या जिल्ह्यात लहान गाडी येऊन थांबत होती, तिथे आता खरे डबे बांधण्याचा कारखाना उभा आहे. आपल्या नाती तिथे इंजिनियर म्हणून जाव्यात असे मला वाटते. त्यांच्या हाताला मापाची सवय लागावी म्हणून येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या सभागृहात मुलामुलींसाठी पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा अशी माझी सूचना आहे. महाग संच नकोत. पुठ्ठा, कात्री, पट्टी आणि आपल्याच गावची एखादी वस्तू पुरे. उदगीर स्टेशनची इमारत घ्या, किल्ल्याचा दरवाजा घ्या, आपापला वाडा घ्या. खरी वस्तू स्वतः मोजायची आणि मापात लहान करायची. मोजल्याशिवाय वस्तू नीट दिसत नाही, हे मुलांना तिथे आपोआप कळेल.

आणि एक मागणे आहे. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी त्या लहान गाडीतून प्रवास केला असेल. कोणी लग्नाच्या वऱ्हाडातून गेल्या असतील, कोणी पंढरीला, कोणी बाळंतपणाला. घरच्या अल्बममध्ये डब्याचा, इंजिनाचा, स्टेशनाचा फोटो असेल, कपाटात जुने पुठ्ठ्याचे तिकीट असेल, तर मला दाखवा. मी मोजून परत देईन. फोटो नसला तरी आठवण सांगा. आमच्या डब्याची दुसरी बाजू, जी फोटोत नाही, ती अजून निम्मी अंदाजाने केलेली आहे. आबा नाहीत, आता विचारू कोणाला? आपल्यालाच विचारते.

घरी वडीलधारी माणसे असतील तर आज रात्री त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या कामाचे विचारा. गिरणी असो, शेत असो, शाळा असो, की चूल असो. नेमके विचारा. किती लांब, किती उंच, दार कोणत्या बाजूला. सांगता सांगता ती माणसे परत येतात, हा माझा अनुभव आहे.

माझे बोलणे लांबले. चहा गार होतो आहे असे चिटणीसबाई खुणावत आहेत. बाहेरच्या टेबलावर गाडी मांडून ठेवली आहे. लहान मुलांना हात लावू द्या, मोडली तर मी दुरुस्त करते. मात्र जाताना शेवटच्या डब्याचा लाल दिवा जागेवर आहे ना, तेवढे पाहून जा.